ती आज्ञा कुणाच्या घराला होती?

खातेगाव, कन्नौद, नेमावर या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणि देवास-धारच्या आपल्या सोयऱ्यांनाही एक विनंती करायची आहे. कुणी तुमच्या देवघराकडे बोट दाखवून बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी मूर्तींबद्दलची आज्ञा ऐकवली, तर लगेच उसळू नका. आणि कुणी मोबाईलवर चर्चमधल्या मारियेच्या पुतळ्याचा फोटो धाडून ‘बघा, हेही मूर्तिपूजकच’ असं लिहिलं, तर तो पुढे ढकलू नका. दोघांनीही एक ओळ ऐकलेली असते आणि तिच्या मागचं-पुढचं पान उघडलेलं नसतं. आधी ते पान उघडू.

ही आज्ञा निर्गम नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही हे पुस्तक मानतात. प्रसंग असा की मिसर देशातल्या वेठबिगारीतून सुटलेली माणसं सीनाय पर्वताच्या पायथ्याशी थांबली आहेत आणि देव त्यांच्याशी करार करतो आहे. बोलण्याची सुरुवातच होते ती ‘तुला त्या दास्यातून मी बाहेर काढलं’ या आठवणीनं. मग अटी येतात: माझ्याशिवाय दुसरा देव नको, वर आकाशातल्या, खाली पृथ्वीवरच्या किंवा पाण्यातल्या कशाचीही प्रतिमा करून तिला दंडवत घालायचा नाही. अटी कडक आहेत, त्यात पळवाट नाही. पण त्या घातल्या आहेत करारात बांधल्या गेलेल्या घराला. वाटेवरच्या प्रत्येक गावाला त्या ऐकवत फिरा, असं तिथे म्हटलेलं नाही.

त्याच अध्यायाच्या अखेरीस आणखी एक सूचना आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. वेदी दगडांची बांधायची झाली तर घडीव दगड वापरायचा नाही, हत्यार लागलं की ती विटाळली. नेमावरच्या घाटावर वाढलेल्या माणसाला याची फोड करून सांगायला नको. नर्मदेतला बाण छिन्नी न लावता, प्राणप्रतिष्ठा न करता पूजेत बसतो, कंकर तोच शंकर, असं आपल्याकडे पोरंसुद्धा म्हणतात. माणसाच्या हाताने घडवलेल्याबद्दलचा संकोच आणि निसर्गातल्या दगडाबद्दलचा आदर हे दोन्ही आपल्या ओळखीचेच आहेत.

दगडावरून याच लोकांच्या पूर्वजाची, याकोबाची गोष्ट आठवते. ती उत्पत्ती नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. घर सोडून निघालेला हा तरुण उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी बघतो, सकाळी तोच दगड उभा करतो आणि त्यावर तेल ओततो. जागेला तो बेथेल हे नाव देतो. शेंदूर तेवढा नाही, बाकी चित्र आपल्या कुठल्याही शिवेवरचं. पुढे याच धर्मग्रंथात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, असे दगड उभे करायला मनाई येते. आणखी काही शतकांनी त्याच बेथेलला यराबाम राजा सोन्याचं वासरू बसवतो, कारण आपली प्रजा यरुशलेमच्या मंदिराकडे गेली तर गादी जाईल अशी त्याला भीती असते. एकाच जागी पूर्वजाच्या दगडाला मान मिळाला आणि राजाच्या वासराला शाप. एका ओळीत उत्तर शोधणाऱ्याने या तीन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

निर्गमातच पाच अध्याय पुढे जा. पंचविसाव्या अध्यायात देव लोकांचा पुढारी मोशे याला कराराचा कोश बनवायला सांगतो आणि त्याच्या झाकणावर सोनं ठोकून घडवलेले, पंख पसरलेले दोन करूब म्हणजे स्वर्गीय दूत बसवायला सांगतो. एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर येतो. सोनं, चांदी, पितळ, रत्नं, लाकूड या सगळ्यांच्या कामात तो तरबेज आहे आणि हे कसब त्याला देवाच्या आत्म्याने मिळालं आहे, असं ग्रंथच सांगतो. पुढचाच अध्याय सोन्याच्या वासराचा. मोशे डोंगरावरून लवकर उतरत नाही, लोकांचा धीर सुटतो, ते मोशेच्या भावाकडे, अहरोनाकडे, कानातली कुंडलं उतरवून देतात आणि आमच्यापुढे चालेल असा देव करून दे म्हणतात. वासरू तयार झाल्यावर अहरोन जो उत्सव जाहीर करतो, तो दुसऱ्या कुणा देवाच्या नावाने करत नाही, त्यांच्याच परमेश्वराच्या नावाने करतो. म्हणजे कलेला तिथे विरोध नाही, कारागिराला तर नाहीच नाही. वाट बघवत नाही म्हणून आपल्या मुठीत मावेल असा देव करून घेणं, यावर तो राग आहे. माझं वाचन असं आहे, ज्यूंमधले आणि ख्रिस्त्यांमधले सगळे पंडित ते मान्य करतील असा माझा दावा नाही.

पितळी सापाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. रानात लोकांना साप चावू लागले तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. त्याच्याकडे बघेल तो वाचेल, असं वचन होतं. गणना नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात हे येतं. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाच्या गादीवर हिज्कीया आला, तोवर लोक त्या सापापुढे धूप जाळत होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला. खुद्द मोशेच्या हातची, देवाच्या हुकुमाने झालेली, शतकानुशतकं जपलेली वस्तू! आणि फोडली कुणी? बाहेरून चाल करून आलेल्या शत्रूने नव्हे, त्याच घराच्या राजाने, आपल्याच घरातली. ज्यांना मूर्तिभंजनाचा फार उत्साह असतो त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी आणि सुरुवात कुठून करायची ते ठरवावं.

संदेष्टे मूर्तींची टिंगल करतात हेही खरं. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातला सुतार एकाच लाकडाच्या अर्ध्यावर भाकरी भाजतो, शेकत बसतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्यापुढे लोटांगण घालतो. ऐकताना आपल्याला टोचतं. टोचू द्या. हे बोल बाबेलात देशोधडीला लागलेल्या, जेत्यांच्या भपकेबाज देवळांनी दिपून गेलेल्या आपल्याच माणसांना धीर देण्यासाठी आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि खरं सांगायचं तर आपल्याला ही भाषा नवी नाही. नामदेव-तुकारामांनी दगडाच्या देवाला काय काय सुनावलं आहे ते वारकऱ्यांच्या घरात वेगळं सांगायला नको. कबिराचं तर विचारूच नका. त्याचीच भजनं गाणारे कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते तिथलेच झाले. त्यांचं ‘भानुकुल’ हे घर माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली निर्गुणी भजनं. टेकडीवर दर्शनाला जाणाऱ्यांपैकी कुणाची पायरी त्यामुळे चुकली नाही आणि निर्गुण गातात म्हणून कुणी कुमारांशी भांडल्याचंही ऐकिवात नाही.

आता अवघड भाग. तो टाळला तर हे आवाहन खोटं ठरेल. अनुवादाच्या सातव्या आणि बाराव्या अध्यायात कनानी लोकांच्या वेद्या पाडा, उभे दगड फोडा, कोरीव मूर्ती जाळा, असे स्पष्ट हुकूम आहेत. शास्ते या पुस्तकात गिदोन रात्रीतून बापाची, बआल या देवाची वेदी पाडतो. हे लिहिलेलं आहे आणि जगात अनेकांनी ते हातात हातोडा घेऊन वाचलं आहे. प्रश्न असा की ज्या परंपरेने हा ग्रंथ जपला तिने पुढे या हुकुमाचं काय केलं?

ज्यू धर्मगुरूंनी मूर्तिपूजेवर एक अख्खं प्रकरण लिहून ठेवलं आहे. त्यांच्या मिश्ना या नियमग्रंथातलं ‘अवोदा जारा’ ते हेच. त्यातला रब्बान गमलिएल अक्को शहरात ॲफ्रोडाइटी या ग्रीक देवीचा पुतळा असलेल्या हमामात आंघोळ करताना दिसतो. एक तत्त्वज्ञ त्याला हटकतो, तुमच्या धर्मात हे कसं चालतं? तो सांगतो की मी तिच्या हद्दीत आलेलो नाही, तीच माझ्या हद्दीत आली आहे. हमाम तिच्यासाठी बांधला नाही, ती हमामाची शोभा म्हणून उभी आहे. पुतळा जागेवर राहिला, रब्बींची आंघोळही झाली. त्याच प्रकरणात रोममधले लोक ज्यू वडीलधाऱ्यांना विचारतात की तुमच्या देवाला मूर्ती नको आहेत तर तो त्या नष्ट का करत नाही? उत्तर असं की लोक सूर्य-चंद्रालाही पूजतात, मग मूर्खांपायी त्याने जगच बुडवायचं का? तिसऱ्या शतकात युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस गावातल्या सिनेगॉगच्या भिंती मोशे आणि संदेष्ट्यांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. १९३२ साली उत्खननात त्या बाहेर आल्या तेव्हा, ज्यूंच्या प्रार्थनाघरात चित्र असूच शकत नाही असं मानणाऱ्यांची पंचाईत झाली.

आपले मराठी ज्यू, बेने इस्राएल, कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले. सिनेगॉगमध्ये मूर्ती नाही, घरात नाही. पण अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडायला ते मलिदा करतात. पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहूचं नाव घेतात. खडकाची पूजा ते करत नाहीत, तिथे जाऊन प्रार्थना करतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळेलच असं नाही. म्हणूनच त्यांनाच विचारावं.

ख्रिस्ती बाजूला प्रेषित पौल बघा. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. अथेन्स शहर मूर्तींनी भरलेलं पाहून तो आतून पेटतो. मग काय करतो? बाजारात रोज वाद घालतो. अरियपग टेकडीवर उभा राहून सुरुवात करतो ती तुम्ही फार देवभीरू लोक आहात अशी, अज्ञात देवाच्या त्यांच्याच वेदीचा दाखला देऊन. त्यांच्याच कवींची साक्ष काढतो. काही हसतात, काही म्हणतात पुन्हा ऐकू, काहींना पटतं. तो निघून जातो, एकाही मूर्तीला ओरखडा न काढता. एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात दंगा होतो. देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसेल म्हणून सोनार खवळतात. तेव्हा शहराचा चिटणीसच जमावाला समजावतो की या माणसांनी ना देऊळ लुटलं, ना आपल्या देवीची निंदा केली. प्रचाराला निघणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला आपल्याला मिळेल का, हे स्वतःला विचारावं. रोमकरांच्या पत्रात तर पौल उलट विचारतो, मूर्तींचा विटाळ मानणारा तू, देवळं लुटतोस का? आणि कलस्सैकरांच्या पत्रात लोभ म्हणजेच मूर्तिपूजा असं तो सरळ लिहितो. सोयाबीनच्या भावापायी रात्र रात्र जागणारे आपण सगळेच इथे सापडतो, देव्हारा असो वा नसो.

पुढे ख्रिस्ती लोक आपापसात याच मुद्द्यावर फुटले. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहांनी चर्चमधली पवित्र चित्रं फोडायला लावली. देव स्वतः देह धरून आला, मग त्या देहाचं चित्र का नको, असा युक्तिवाद दमास्कसच्या योहानाने केला. ७८७ साली निकियाच्या परिषदेने निवाडा दिला: आराधना फक्त देवाची, चित्राला द्यायचा तो मान, आणि तो मान चित्रातल्या व्यक्तीला पोचतो. कॅथलिक आजही याच निवाड्यावर उभे आहेत. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेने तो झुगारला आणि १५६६ साली नेदरलँड्समध्ये ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांचे पुतळे फोडले. दहा आज्ञांचा क्रमसुद्धा दोघांचा वेगळा. कॅल्विनवाले मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून स्वतंत्र मोजतात, कॅथलिक ती पहिलीतच धरतात. म्हणून ‘कॅथलिकांनी आज्ञा गाळली’ असा निरोप आला तर तो खोटा समजा.

हे दोन्ही ख्रिस्ती आपल्या दोन जिल्ह्यांतच भेटतात. धारला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम सुरू केलं. डॉक्टर मार्गारेट ओहारा तिथे बायकांवर उपचार करत. कॅल्विनच्या वाटेवरच्या त्या परंपरेच्या प्रार्थनाघरात पुतळे नसतात. आणि आपल्याच देवास जिल्ह्यात, उदयनगरला, सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. आदिवासींना सावकारीतून सोडवायला झटणाऱ्या या केरळच्या जोगिणीला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये भोसकून मारलं. घरच्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली, तिच्या सख्ख्या बहिणीने त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला तिला ‘धन्य’ म्हणून घोषित केलं गेलं. समाधीपुढे गुडघे टेकणारे कॅथलिक तिला देव मानत नाहीत, आमच्यासाठी देवाकडे रदबदली कर असं तिला विनवतात. प्रेस्बिटेरियनाला हेही पटणार नाही. हा त्यांचा घरचा वाद आहे. आपण त्यात पंच म्हणून बसायचं कारण नाही.

गोव्याचा विषय निघतोच, म्हणून सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडीत, मग बारदेशात आणि साष्टीत देवळं पाडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला न्यावी लागली. पाडणाऱ्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये पुतळे होतेच. म्हणजे तिथे मूर्तीचा प्रश्न निमित्ताला होता, मुद्दा सत्तेचा होता. हे विसरा असं मी म्हणणार नाही. पण त्याच गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला आजही हिंदू तेल वाहतात आणि शिरगावची लईराई तिची बहीण म्हणवते, हेही लक्षात असू द्या. आजच्या खातेगावातल्या एखाद्या गरीब ख्रिस्ती कुटुंबाकडून सोळाव्या शतकाचा हिशेब मागण्यात कसला पराक्रम?

आपण मूर्ती न मानणाऱ्यांबरोबर राहायला शिकलेलोच आहोत. नेमावरला दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे, तिथे प्रतिमा आहेत. पण स्थानकवासी जैन प्रतिमा पुजत नाहीत. पंधराव्या शतकातल्या तारण स्वामींना मानणारे जैन वेदीवर मूर्तीऐवजी ग्रंथ ठेवतात. नदीपलीकडे हरद्याकडे जांभोजींचे बिश्नोई आहेत, त्यांचीही वाट निर्गुणाची. यांच्यापैकी कुणाशी या कारणावरून आपली हाणामारी झालेली नाही. ख्रिस्त्यांच्या बाबतीत डोकं तापतं ते मूर्तीमुळे नव्हे. घरातलं कुणीतरी वेगळ्या वाटेने गेलं की कुळाचार कोण करणार, आईच्या दहाव्याला कोण बसणार, पोरीचं लग्न कुठे होणार, हे प्रश्न उभे राहतात. ते खरे प्रश्न आहेत. बसून ते बोला. आज्ञेच्या आडून बोलू नका.

तुमचा भाचा किंवा जाऊबाई प्रार्थनासभेला जायला लागल्या आणि सत्यनारायणाचा शिरा घेईनाशा झाल्या, तर तो अपमान समजू नका. त्यांच्या ग्रंथात पौलाने यावर करिंथकरांना सविस्तर लिहिलं आहे. मूर्ती काही नसते, तेव्हा खाल्लं म्हणून बिघडत नाही. पण ज्याचं मन खातं त्याने खाऊ नये आणि खाणाऱ्याने त्याला डिवचू नये, असा त्याचा मथितार्थ. त्यांच्यातलेही काही खातील, काही खाणार नाहीत. ताट पुढे करा, नाही म्हणाल्या तर चहा द्या. हातात कोंबू नका.

आणि ज्यांनी नवी वाट धरली आहे त्यांना तितक्याच स्पष्टपणे: आईचं देवघर तुमचं नाही. ते आवरायला, नर्मदेत सोडायला, अडगळीत टाकायला तुम्हाला कुणी हक्क दिलेला नाही. निर्गमाने तर नाहीच. तुमच्या वाट्याच्या मूर्ती तुम्हाला ठेवायच्या नसतील तर थोरल्या भावाला किंवा आत्याला विचारा, कुणीतरी आनंदाने नेईल. अवमानाच्या हेतूने पूजेची वस्तू फोडणं किंवा भ्रष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली गुन्हा आहे. ते कलम मंदिराला लागू आहे तसं चर्चच्या क्रुसालाही. रात्री कुणी क्रुसावर दगड मारला तर आपल्या पोरांना पाठीशी घालू नका.

वाचायचं असेल तर मराठीत सोय आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं होतं. आजच्या वाचकाला वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ सोपं जाईल, त्यात टिपाही आहेत. पहिल्या पानापासून सुरू करू नका, वंशावळींत अडकाल. निर्गमाचे वीस ते बत्तीस हे तेरा अध्याय एका बैठकीत वाचा, मग दुसऱ्या राजांचा अठरावा आणि कृत्यांचा सतरावा. जमलं तर ज्याने तुम्हाला ती आज्ञा ऐकवली त्यालाच बोलवा आणि एक अध्याय त्याने, एक तुम्ही, असं मोठ्याने वाचा.